पदनाम बदलले आणि ओटी (ओव्हरटाइम) बंद झाला : जादा कामाचा मोबदला नेमका कोणाला मिळतो?

घणसोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय तो कळणार नाही. रबाळे एमआयडीसीतील पॅकेजिंगच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षे स्लिटिंग मशीनवर ऑपरेटर होतो. एप्रिल २०२५ मध्ये मला ‘शिफ्ट इन्चार्ज’ असे पत्र मिळाले, पगार २०,८०० वरून २२,८८० झाला आणि मी खात्यात पेढे वाटले. पुढच्या महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर ओटीचा रकाना कोरा होता. विचारले तेव्हा एचआरमधून उत्तर आले की, तुम्ही आता स्टाफमध्ये आलात आणि स्टाफला ओटी नसतो.

काम मात्र तेच आहे. आठवड्यातले तीन दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सात आणि उरलेले तीन दिवस सात ते साडेतीन, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. रोल संपला की नवा रोल मीच चढवतो, ब्लेड मीच बदलतो. फरक एवढाच की आता शिफ्टचे रजिस्टरही मीच भरतो. पूर्वी ओटीचे महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास मिळत असत, म्हणजे २,०८० रुपयांची बढती घेऊन मी दरमहा २,४२० रुपयांनी खाली आलो. कायद्याने ओटीला पात्र कोण आणि अपात्र कोण, हे ठरते तरी कशावरून?

भिवंडी रोड

पेढ्यांचे पैसे तरी कंपनीकडून वसूल करा.

टाइम ऑफिस

मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षे काढली आहेत. आमच्या काळी पंचिंगचे घड्याळ असे. वेळेत आलेल्याचा आकडा काळ्या शाईत उमटे आणि उशिरा आलेल्याचा लाल शाईत. कार्डांचा तो गठ्ठा घेऊन दर शनिवारी मी ओटीची बेरीज करत असे, त्यामुळे हिशेबाच्या बाजूने आधी सांगतो.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला नऊ तासांपेक्षा किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झाले, तर त्या जादा वेळेसाठी नेहमीच्या दराच्या दुप्पट वेतन द्यावे लागते. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. तुमचे तीन दिवस निव्वळ साडेअकरा तासांचे आणि तीन दिवस आठ तासांचे, म्हणजे आठवड्याचे साडेअठ्ठावन्न तास होतात. रोजच्या नऊ तासांवरचे मोजले तर अडीच तासांप्रमाणे तीन दिवसांचे साडेसात तास भरतात, आणि आठवड्याच्या ४८ तासांवरचे मोजले तर साडेदहा. कंपन्या बहुधा साडेसातच धरतात, कारण रोजच्या रोज मोजणे त्यांना सोयीचे पडते. तुम्ही साडेदहा मागा. महिन्याला ते साधारण ४५ तास होतात.

शिवाय जेवणाच्या सुट्टीसकट दिवसाचा एकूण पसारा साडेदहा तासांपेक्षा जास्त नसावा, असे त्याच कायद्याचे कलम ५६ सांगते. तुमचा पसारा बारा तासांचा आहे, म्हणजे पैशांच्या आधी वेळापत्रकच चुकलेले आहे.

लघुउद्योजक, ठाणे

दुसरी बाजूही मांडली जावी म्हणून लिहितो. माझ्याकडे चाळीस माणसे आहेत. ज्याला आपण इन्चार्ज करतो, त्याच्या हाती वीस माणसांची शिफ्ट सोपवतो. कोणी कोणत्या मशीनवर उभे राहायचे, कोणाला घरी सोडायचे, माल नाकारायचा की पुढे पाठवायचा, हे तो ठरवतो. अशा माणसालाही तासाच्या हिशेबाने ओटी द्यायचा म्हटला, तर शिफ्ट लांबली की त्याचाच फायदा आणि ती वेळेत संपवण्याची जबाबदारीही त्याचीच, अशी विचित्र स्थिती होते. माझ्याकडे पूर्वी हे घडलेले आहे. काम साडेतीनला संपत असे आणि रजिस्टरवर साडेपाच पडत. म्हणून मी इन्चार्जना वेगळा भत्ता देतो आणि ओटी देत नाही. प्रत्येक मालक पदनामाचा खेळच करतो असे समजू नये.

काळा कोट

उद्योजकांचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्यांनी वर्णन केलेला माणूस आणि धागाकर्ते यांच्यात जे अंतर आहे, त्यावरच सगळे ठरते.

न्यायालये पदनाम पाहत नाहीत, प्रत्यक्षात करावे लागणारे मुख्य काम पाहतात. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील ‘कामगार’ या व्याख्येवर असे असंख्य वाद झाले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सुरक्षा निरीक्षकाला कामगार मानले, कारण त्याच्या कामाचा मोठा भाग दारावरच्या प्रत्यक्ष राखणदारीचा होता आणि नावातले ‘निरीक्षक’ त्याला व्यवस्थापनात नेण्यास पुरेसे नव्हते. तेव्हा स्वतःला विचारायचे प्रश्न असे : तुम्ही कोणाची रजा अंतिमतः मंजूर करू शकता का? कोणाला मेमो देऊ शकता का? पगारवाढीची शिफारस तुमच्या सहीने जाते का? की तुम्ही फक्त वरून आलेले नियोजन खाली सांगता आणि उरलेला वेळ मशीनवर असता? रजिस्टर भरणे ही कारकुनी आहे, पर्यवेक्षण नव्हे.

पण तुमच्या बाबतीत याहून सोपा एक रस्ता होता, आणि तो एचआरने तुम्हाला सांगितला नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे राज्य सरकार नियम करून कोणती पदे पर्यवेक्षणाची किंवा व्यवस्थापनाची ते ठरवू शकते, आणि अशा व्यक्तींना कामाच्या तासांची कलमे लागू होत नाहीत. मात्र त्याच कलमाला परंतुक आहे : अशा व्यक्तीचे वेतन जर वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मधील मर्यादेच्या आत असेल, तर ती व्यक्ती पर्यवेक्षक असूनही कलम ५९ च्या ओटीला पात्र राहते. ती मर्यादा ऑगस्ट २०१७ पासून दरमहा २४,००० रुपये होती. तुमचा पगार २२,८८०. म्हणजे कंपनी म्हणते तसे तुम्ही खरोखरच पर्यवेक्षक झाला आहात असे वादापुरते मान्य केले, तरीही तिचा निष्कर्ष चुकतो.

घणसोलीकर

हे वाचून मी दोनदा पगाराची स्लिप पाहिली. रजा मंजूर करण्याचा अधिकार मला नाही. मी अर्जावर ‘पाहिले’ असे लिहून सही करतो आणि तो वर जातो. मेमोचे विचाराल तर मागच्या महिन्यात मलाच एक मिळाला आहे.

भिवंडी रोड

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

हिशेबनीस

दराबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून मी बोलतो. पगारपत्रके करणे हाच माझा व्यवसाय आहे आणि तळोजा ते वागळे इस्टेट एकच चूक मला सगळीकडे दिसते. तिला चूक म्हणायचे की चलाखी, हे तुम्ही ठरवा.

धागाकर्त्यांचा जुना पगार २०,८०० होता. सव्वीस दिवसांना आठ तासांनी गुणले की २०८ तास होतात, म्हणजे तासाला शंभर रुपये आणि दुप्पट दर दोनशे. पंचेचाळीस तासांचे नऊ हजार व्हायला हवे होते. त्यांना साडेचार हजार मिळत होते, यावरून माझा अंदाज असा की, त्यांचा मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा, म्हणजे १०,४०० असावा आणि कंपनी केवळ मूळ पगाराच्या दुप्पट देत असावी. मूळ पगाराचा तासाचा दर पन्नास, त्याची दुप्पट शंभर. म्हणजे स्लिपवर ‘डबल ओटी’ छापलेले असते आणि प्रत्यक्षात दर एकेरीच असतो.

कलम ५९ मध्ये ‘नेहमीचा दर’ म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला त्या वेळी मिळत असलेले भत्ते, असे स्पष्ट लिहिले आहे. वगळायला सांगितले आहे ते बोनस आणि खुद्द ओटीची रक्कम, एवढेच. तेव्हा घणसोलीकर, तुमची तक्रार एप्रिलपासूनची आहे असे तुम्ही समजता, पण नुकसान त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते.

घणसोलीकर

तुमचा अंदाज बरोबर आहे, मूळ पगार १०,४०० च होता. नऊ वर्षे मी तो शब्द ‘डबल’ असाच वाचत आलो.

अनघा, ऐरोली

या निमित्ताने आमचाही प्रश्न विचारून घेते. मी ऐरोलीतील एका आयटी पार्कमध्ये ‘टीम लीड’ आहे आणि माझ्या हाताखाली चौदाजण आहेत. महिनाअखेरीस रोज बारा तास होतात. रजेचे अर्ज पोर्टलवर माझ्याकडे येतात, पण मी मान्य केलेला अर्ज मॅनेजर सहज फिरवतो. आयटीला ओटी लागूच नाही असे आमच्याकडे सर्वजण गृहीत धरतात आणि कोणी बोललेच तर ‘कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) घे’ असे उत्तर मिळते.

काळा कोट

आयटीला ओटी नाही, ही समजूत कायद्यातून आलेली नाही. तुमच्या कार्यालयाला कारखान्याचा कायदा लागू होत नाही, तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो, आणि त्यातही दिवसाच्या ठरलेल्या किंवा आठवड्याच्या ४८ तासांच्या वर काम झाले तर दुप्पट दर सांगितला आहे. शारीरिक, कुशल, अकुशल, तांत्रिक, कार्यचालनाचे किंवा कारकुनी काम करणारा तो कामगार, अशी तिथली व्याख्या आहे. संगणकाच्या पडद्यापुढे बसून केलेले तांत्रिक कामही त्यात येते.

गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांवरील लोकांना या कायद्याने वगळले आहे हे खरे, पण त्याला एक अट जोडलेली आहे : अशा पदांची यादी आस्थापनेने आपल्या संकेतस्थळावर, आणि संकेतस्थळ नसेल तर कार्यालयात ठळक जागी लावायची असते, व तिची प्रत शासनाच्या सुविधाकाराकडे (या कायद्याखालील तपासणी अधिकाऱ्याकडे) पाठवायची असते. तुमचे पद त्या यादीत आहे का, हे आधी विचारा. अशी यादीच कोणी पाहिलेली नाही, असे उत्तर येण्याचा संभव मोठा आहे. कॉम्प ऑफ ही सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची भरपाई आहे. त्याने रोजच्या जादा तासांचे पैसे फिटत नाहीत.

अनघा, ऐरोली

यादी विचारली. एचआरने मलाच विचारले की, कोणती यादी?

रोहा पॅसेंजर

माझा भाऊ पनवेल भागात औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे?

काळा कोट

औषध प्रतिनिधींचा प्रश्न बराच गाजलेला आहे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, विक्रीसंवर्धन हे शारीरिक, तांत्रिक, कारकुनी अशा कोणत्याच प्रकारात बसत नसल्याने औषध प्रतिनिधी औद्योगिक विवाद अधिनियमाखाली कामगार नाहीत. त्यांच्यासाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा होता. नव्या श्रम संहितांनी मात्र कामगाराच्या व्याख्येत विक्रीसंवर्धन कर्मचाऱ्यांचा नाव घेऊन समावेश केला आहे.

पाचवी शिफ्ट

नव्या संहितांचा विषय निघालाच आहे तर विचारतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियम त्यांत विलीन झाला. मग वरची कलमे ५९ आणि ६४ यांची चर्चा आता इतिहासजमा नाही का?

हिशेबनीस

प्रश्न रास्त आहे. एप्रिल ते नोव्हेंबरपर्यंतचा हिशेब जुन्या कायद्याने होईल आणि पुढचा नव्या. दुप्पट दर व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम २७ मध्येही आहे. रोजच्या आणि आठवड्याच्या मोजणीपैकी जी कामगाराला फायद्याची असेल ती धरायची, हेही आता शब्दांत लिहिले गेले आहे आणि जादा कामाला कामगाराची संमती लागते.

पात्रतेची रेषा मात्र सरकली आहे. या संहितेत व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणारे बाहेर आहेत, आणि पर्यवेक्षण करणारा १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेत असेल तर तोही बाहेर जातो. पण ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याही बदलली आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता धरायचे. घरभाडे, प्रवास असे ठराविक भत्ते वगळायचे. ते वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम पुन्हा वेतनात मिळवायची. धागाकर्त्यांच्या २२,८८० पैकी निम्मा भाग असे भत्ते असतील, तर संहितेच्या दृष्टीने त्यांचे वेतन ११,४४० ठरेल, आणि पर्यवेक्षक म्हटले तरी ते १८,००० च्या आतच राहतील. गंमत अशी की, जी व्याख्या त्यांना आत घेते, तीच दर ठरवताना त्यांच्या ताटात कमी वाढते. जुन्या हिशेबाने त्यांचा दुप्पट दर तासाला २२० रुपये होतो आणि नव्या व्याख्येने ११०. ‘विशेष भत्ता’ असे मोघम नाव असलेला भत्ता मात्र वगळायच्या यादीत नाही, म्हणून स्लिपवरच्या प्रत्येक ओळीचे नाव नीट वाचा.

टाइम ऑफिस

आणि वेतन संहिता, २०१९ ही वेगळी, हे ध्यानात ठेवा. तिच्यातील ‘कर्मचारी’ ही व्याख्या ‘कामगार’पेक्षा मोठी आहे, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही तिच्यात येतात, आणि तिच्या ओटीच्या कलमात शब्द ‘कर्मचारी’ असाच आहे. किमान वेतनाचा दर ठरलेल्या कर्मचाऱ्यांपुरते ते कलम असले, तरी यावरून पुढे वाद होणार हे निश्चित.

लघुउद्योजक, ठाणे

संमतीचा उल्लेख झाला म्हणून विचारतो. माझ्या कामगारांनीच लेखी दिले की, आम्ही जादा तास एकेरी दराने करायला तयार आहोत, तर? ऑर्डर गेली तर त्यांचेही नुकसानच आहे.

काळा कोट

संमती जादा काम करण्यासाठी असते, हक्क सोडण्यासाठी नाही. करोनाच्या काळात एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांच्या पाळीची आणि जादा तासांना एकेरी दराने पैसे देण्याची मुभा दिली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या काळातला ओटी कामगारांना देण्याचा आदेश दिला. सरकारला जे साधले नाही, ते शंभराच्या स्टॅम्पपेपरवर कसे साधेल?

कामगारांच्या बाजूने सगळेच निकाल लागतात असा गैरसमज मात्र नको. एप्रिल २०२३ मध्ये सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशनच्या पर्यवेक्षकांची दुप्पट ओटीची मागणी त्याच न्यायालयाने नाकारली, कारण त्यांची सेवा शासकीय नियमांखालची होती. खाजगी कारखान्यातील माणसाने तो निकाल आपल्याविरुद्ध आहे असे समजून घाबरू नये.

लघुउद्योजक, ठाणे

ठीक आहे. माझ्याकडच्या इन्चार्जना मी रजा आणि मेमोचे अधिकार लेखी दिलेले आहेत, पण त्यांतल्या दोघांचा पगार २४,००० च्या आत होता. हा मुद्दा माझ्या सल्लागाराने मला कधी सांगितला नव्हता. उद्या हिशेब काढायला बसवतो.

तळोजा फिटर

ठेकेदाराच्या माणसांचा विषय राहून गेला. मी स्वतः चार वर्षे ठेकेदारामार्फत फिटर होतो. कंपनी म्हणे, ठेकेदाराला विचार; ठेकेदार म्हणे, कंपनीने बिल मंजूर केलेले नाही. शेवटी एका सरकारी कामगार अधिकाऱ्याने समजावले की, कारखाने अधिनियमातील ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेलाही येतो, आणि ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर जाते, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. पैसे मिळाले, पण पुराव्याअभावी निम्म्याच महिन्यांचे. हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र कंपनीचे, त्याची माहितीही कंपनीकडेच. माझ्याजवळ फक्त एक खिशातली डायरी होती, आणि तीही पहिल्या पावसाळ्यात भिजली होती.

टाइम ऑफिस

म्हणून घणसोलीकरांना सांगतो, आजपासून लिहायला लागा. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कोणी थांबवले आणि कोणत्या मशीनवर काय केले. ‘आज थांबावे लागेल’ असे ग्रुपवर आलेले संदेश जपा. ज्या शिफ्ट रजिस्टरमुळे तुम्ही ‘स्टाफ’ झालात, त्यात दुरुस्तीच्या नोंदी तुमच्याच अक्षरात असतील. ब्लेड कोणी बदलले हे तिथे लिहिलेले असेल, तर तुमच्या कामाचे खरे स्वरूप कंपनीच्याच वहीत नोंदलेले आहे.

पाचवी शिफ्ट

घणसोलीकरांचे तीन महिन्यांचे जादा तास मोजले तर १३६ च्या वर जातात. तिमाहीला ११५ तासांची मर्यादा होती आणि ती १४४ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. मर्यादा ओलांडली म्हणून ओटीच बुडेल, असे तर होणार नाही ना?

काळा कोट

मर्यादा मोडली ती मालकाने, तेव्हा दंडाचा प्रश्न त्याचा. केलेल्या कामाचे पैसे त्यामुळे कमी होत नाहीत.

घणसोलीकर

बारा दिवसांनी परत आलो आहे. सर्वांनी सांगितल्याप्रमाणे दोन पानांचा अर्ज केला. पहिल्या पानावर मला काय करता येते आणि काय करता येत नाही ते लिहिले, दुसऱ्या पानावर आठवड्याचे साडेदहा तास आणि २२० चा दर. कलम ६४ चे परंतुक शब्दशः उतरवले. एचआरने बोलावून घेतले आणि चहा देऊन सांगितले की, पत्र बदलून ‘सीनियर ऑपरेटर’ करू, पगार आहे तोच ठेवू आणि पुढच्या महिन्यापासून ओटी सुरू करू. मागच्या दहा महिन्यांबद्दल मात्र ‘बघू’ एवढेच उत्तर मिळाले.

काळा कोट

‘बघू’ला मुदत नसते, दाव्याला असते. जुन्या वेतन प्रदान अधिनियमात दावा बारा महिन्यांत करायचा होता, वेतन संहितेत ती मुदत तीन वर्षांची आहे, आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येते. पण जुन्या काळातल्या रकमेसाठी कोणती मुदत धरायची यावर वाद घालत बसण्यापेक्षा एप्रिलचे पैसे एप्रिल उलटण्याआधी मागा. पदनाम परत बदलून द्यायला ते तयार झाले, हीच काम बदलले नव्हते याची कबुली आहे. ते नवे पत्र हाती आले की जपून ठेवा, मात्र ‘मागील कोणतीही मागणी नाही’ अशी ओळ त्यात असेल तर सही करू नका.

टाइम ऑफिस

अर्जाची पोच घेतली का?

घणसोलीकर

घेतली. शिक्क्यावरची तारीख पुसट उठली होती, म्हणून तिच्याखाली पेनाने तारीख आणि वेळ लिहून घेतली. नव्या पत्राच्या मसुद्यात तुम्ही म्हणता ती ओळ होती. ती खोडायला सांगून आलो आहे.